गुऱ्हाळातलं चुन्याचं पिंप

मी पिंप बोलतोय. आख्खं न्हाई, अर्धं. डांबराचं पिंप मधोमध आडवं कापलं की दोन भाग हुत्यात, त्यातला खालचा म्हंजी मी. मला तोंड हाय, लय मोठं हाय, पर त्यातनं कवा शबुद निघाला न्हाई. निघाला आसता तर हरणाबाईचं एक वरीस वाया गेलं नसतं, आन् आकाराम गुळव्याला म्या चार शिव्या हासडल्या आसत्या. आता बोलायला घेतलंय तर मधी कुणी तोंड घालू नगा.

कराडकडनं रस्त्याचं काम आलं, तवा मी पोटात डांबर घिऊन आलो. डांबर सपलं. मुकादमानं मला लाथ घालून चरात लोटलं आन् त्यो म्होरल्या कामावर गेला. आठ म्हैनं तसाच पडून हुतो. मग ह्यो आकाराम आला, बैलगाडीत घालून मला घिऊन गेला. कुणाला इच्यारलं न्हाई. लोहाराकडनं कापून घेतलं, आत पाचट पेटवून उरलंसुरलं डांबर जाळलं. माजा वरचा अर्धा भाग म्हशीला पाणी पाजायला गेला. त्येची-माजी परत गाठ पडली न्हाई.

आकाराम गुळव्या हुता. गुळव्या म्हंजी गुऱ्हाळात गूळ शिजवणारा मुख्य गडी. ऊस मालकाचा, बैल मालकाचे, पर काहिलीतल्या रसाचा गूळ हुतोय का नुसती चिकट काकवी, ते गुळव्याच्या हातात. इस्लामपूरपासनं दोन कोसावर आमचं गुऱ्हाळ. हंगाम सुरू झाला की रातंदीस चुलवाण पेटलेलं, आन् आकारामचं डोस्कंबी.

माजं काम चुना धरायचं. कळीचा चुना माज्यात टाकायचा, वर पाणी वतायचं. असा काय उकळायचा, की माज्या पत्र्याला हात लावायची कुणाची टाप न्हवती. गार झाला की चुना खाली बसायचा आन् वर स्वच्छ पाणी ऱ्हायचं. त्या निवळीचा तांब्या काहिलीत जायचा. उसाच्या रसात आंबटपणा आसतो, त्यो चुन्यानं मोडतो. सगळी मळी वर येती, ती झाऱ्यानं काढून टाकायची.

पर किती तांबे घालायचे? हितंच सगळी मेख हुती. आकाराम रसात बोट बुडवायचा, जिभंला लावायचा, एक डोळा मिटायचा. "दीड तांब्या," म्हणायचा. दीड म्हंजी दीडच. नदीकाठच्या खारवट रानातला ऊस हाय का वरल्या माळाचा, हेबी जिभंवर कळायचं त्येला. एकदा एका गड्यानं न इच्यारता दोन तांबे जादा वतले. गूळ काळाठिक्कर पडला. आकारामनं झारा फेकून मारला.

"आरं, चुना काय सासऱ्याच्या भिंतीला फासतोस व्हय रं?"

गडी पळाला त्यो दुसऱ्या दिशी दुपारी आला.

असे अकरा हंगाम काढले. दर साली चुना माज्या आतनं बसत गेला, बोटभर जाड दगडावानी थर झाला. त्यामुळं मला गंज म्हणून लागला न्हाई. मी मनात म्हणायचो, आपुन आता मरत न्हाई.

मग कारखान्याच्या गाड्या रानात याया लागल्या. ऊस सगळा तिकडं चालला. त्या अकरांतली शेवटली दोन वर्सं मालकानं रडतखडत गुऱ्हाळ चालवलं आन् बंद केलं. काहील त्यानं ठिवून घेतली. आकारामला म्हणला, तुला काय पायजे ते ने. आकारामनं मला उचललं. कशाला, ते त्येला सांगता आलं नसतं.

घरला आल्यावर त्येची बायको अंबूबाई दारातच हुबी.

"आवं, हितं माणसं मावंनात, आन् हे पिंप कुठं निजवू?"

"तुज्या उशाला निजीव."

उशाला न्हाई, पर भांडी घासायच्या दगडाजवळ मला पालथं घातलं. वर कोंबड्या बसायच्या. त्यांच्या परतापाचं काय वर्णन करायचं!

त्येंचा ल्योक मानसिंग पलटणीत. त्येचं लगीन झालं आन् हरणाबाई घरात आली. शिराळ्याच्या वर डोंगराच्या अंगाला तिचं म्हायेर. तिकडं माती तांबडी, पाऊस मोप. तिच्या आईनं परसात अनंताचं झाड लावलं हुतं. आई गेली. लग्नानंतरच्या पैल्या नागपंचमीला हरणाबाई म्हायेरी गेली, तर परसात नवी भिंत! दोघा भावांची वाटणी झालेली, आन् भिंतीला आडवं आलं म्हणून आदल्या दिशीच अनंत तोडलेला. फांद्या तिथंच पडलेल्या, पानं आजून हिरवी.

तिनं पडलेल्या फांद्यांतनं सात काड्या कापल्या, वल्या फडक्यात गुंडाळल्या. तिथलीच माती गाडग्यात भरून त्यात खोवल्या आन् मांडीवर गाडगं घिऊन यष्टीनं सासरी आली. सातातल्या दोन जगल्या.

एक तिनं परड्यात काळ्या मातीत लावली. दिवाळीला ती वाळून गेली. मग उरली एकच. आईच्या झाडाचं जगात तेवढंच शिल्लक ऱ्हायलं हुतं. दुसऱ्या साली गाडगं त्या रोपाला पुरंना, मुळ्या भाईर डोकावाया लागल्या.

तवा आकाराम मोठ्या मनानं म्हणला, "माजं पिंप घे."

सळईनं माज्या बुडाला पाच भोकं पाडली. रानातली काळी माती आणली, शेणखत घातलं, वर चुलीतली दोन सुपं राख. म्हणला, "आता बघ, खांद्याएवढं हुतंय का न्हाई." गाडगं फोडून, मातीच्या गड्ड्यासकट रोप माज्यात लावलं. फुटक्या गाडग्याच्या बुडाला थोडी म्हायेरची माती उरली, ती हरणाबाईनं कोपऱ्यात ठिवून दिली.

मला तवाच कळलं हुतं. वल्या मातीनं माज्या आतल्या थराला हात लावला आन् चुना जागा झाला. मी वरडणार कसा?

दोन म्हैन्यांत पानं पिवळी पडली. शिरा तेवढ्या हिरव्या आन् मधली पात हळदीवानी. नवा कोंब फुटायचा त्यो जल्मतःच पिवळा. हरणाबाई रोज सकाळी याची, पान उलटं करून किडा बघायची. किडा न्हाई, काय न्हाई. पाणी घालायची. पाणी तरी कसलं? आमच्या हिरीचं. मचूळ, घागरीच्या बुडाला पांढरी खपली धरणारं.

अंबूबाई म्हणाली, "पोटाला न्हाई त्येच्या. खाया घाल." आन् भांडी घासलेलं राखंचं पाणी रोज माज्यात वताया लागली. वाईट इच्यार न्हवता तिचा. तेच पाणी पिऊन तिचा भोपळा छपरावर गेला हुता. पर भोपळा म्हंजी अनंत न्हवं!

आन् आकाराम? त्यानं तर कळस केला. एक दीस आला, पानं बघितली, म्हणला, "मातीत मळ साठलाय. चुन्याबिगार निघायचा न्हाई." घरात भिंतीसाठी आणलेला चुना हुता, त्येची निवळी करून तांब्याभर वतली. आठ दिसांनी आणि एक. मग आणि एक. अकरा वर्सं चुन्यानंच सगळं निस्तारलेलं, दुसरं काय सुचतंय? आन् वतताना बोट बुडवून जिभंला लावलं न्हाई. रसाला लावायचा. माती चाखायची आसती हे त्येच्या डोक्यातच आलं न्हाई.

पानं गळाया लागली. खालनं वर. शेवटाला शेंड्याला नऊ पानं ऱ्हायली. हरणाबाईनं मोजली हुती, म्हणून मला म्हाईत.

त्या दुपारी आकाराम दगडावर तंबाखू मळत बसला हुता. हरणाबाई माज्याजवळ आली.

"मामंजी, एक इच्यारू का?"

"इच्यार की. कोण आडवतंय?"

"रस आंबट आसला तर तुमी चुना घालायचासा न्हवं?"

"घालायचो."

"आन् चुना जादा झाला तर?"

"माज्या हातनं कवा झाला न्हाई."

"दुसऱ्याच्या हातनं?"

"गूळ काळा पडतो. मग आंबलेला रस वतून चुना मोडायचा, जमला तर. तुला कशाला पायजे गुऱ्हाळ?"

हरणाबाईनं दोन वाट्या त्येच्या म्होरं ठिवल्या. एकीत माज्या भोकातनं गळलेलं पाणी. दुसरीत गाडग्याच्या बुडाला उरलेल्या म्हायेरच्या मातीतनं गाळलेलं. दोन्हीत पावसाचंच पाणी वापरलेलं, फडक्यानं गाळलेलं.

"ह्यात चुना जादा झालाय का, तेवढं चाखून सांगा."

आकारामचं टाळकं सटकलं. "मी माती चाखू? कालची आलेली सून मला चुना शिकवतीया? आठ गावचे गुळवे माज्या जिभंवर—"

"चाखा की," अंबूबाई चुलीपासनं म्हणाली. "दिसभर तंबाखूसंगं चुना चघळताय, मातीनंच काय बाटताय?"

"तू गप बस!"

"मामंजी," हरणाबाई म्हणाली, "मी शिकवत न्हाई. मला कळत न्हाई म्हणून इच्यारतीया. तुमच्याबिगार कुणाला कळंल?"

त्यानं मग तंबाखू टाकली, चूळ भरली. म्हायेरच्या मातीचं पाणी आधी घेतलं. बोट जिभंवर, एक डोळा मिटलेला. "तुरट. वाईच आंबूस," म्हणला. मग माजं. जिभंला लावलं आन् तोंड फिरवून थुकला. उपरण्यानं जीभ पुसली. पुना एकदा बोट बुडवलं, पुना थुकला.

"साबण हाय नुसता," म्हणला.

त्यानं माज्या काठाशी हात घालून आतला पांढरा थर नखानं खरवडला.

"ह्यात म्या तीन तांबे निवळी वतली. पिंपाला आतनं चुन्याचा थर हाय, त्यो येगळाच. आन् तरीबी वर आणि वतली."

"आन् मी रोज राख," अंबूबाई भाईर येऊन म्हणाली.

"गेलं का हो झाड?" हरणाबाईनं इच्यारलं. 

"नऊ पानं हायती न्हवं? काढ भाईर. हळू. मुळी तुटली तर मला सांगू नगंस."

म्या आकारामला लय शिव्या दिल्यात मनात, पर त्या दिशी त्यो कसा हालला ते सांगाया पायजे. रोप काढलं, मुळ्यांची माती पावसाच्या पाण्यानं धुतली. बुट्टीत पोतं आथरून, म्हायेरच्या उरलेल्या मातीत जांभळीखालचा कुजलेला पाला कालवून, त्यात सावलीला ठिवलं. हरणाबाई दुसऱ्या सकाळी म्हायेराला गेली, दोन पोती तांबडी माती घिऊन आली. यष्टीत कंडक्टरनं पोत्याला हात लावला.

"बाई, काय हाय ह्यात?"

"माती."

"माती? तुमच्याकडं वाळव्याला माती मिळत न्हाई व्हय?"

"मिळती. पर गोड हाय."

"आन् ही?"

"ही आंबट हाय."

कंडक्टर तिच्याकडं असा बघाया लागला, की पोत्यांचं भाडं मागायचंच इसरला.

हिकडं आकाराम शेजारच्या गावात गेला. तिथं आजून एक गुऱ्हाळ धुगधुगत हुतं. सांडलेला, उरलेला रस चार दीस आंबवून दोन घागरी आणायच्या हुत्या. तिथला गुळव्या कोंडीबा, आकारामचा जुना गडी.

"दारू गाळाया लागलास काय रं गड्या?"

"पिंपाला पाजायची हाय."

"पिंपाला? मग वाईच खारं शेंगदाणंबी ने की!"

आकारामनं त्येला आईवरनं शिवी दिली आन् घागरी उचलल्या.

माज्या बुडाच्या भोकांत चिंध्यांचे बोळे ठोकून त्यो आंबट रस माज्यात वतला तवा जे सुरू झालं, ते मी जल्मात इसरणार न्हाई. अंगभर फसफस. फेस काठापतुर आला. अकरा हंगामांचं कवच सुटाया लागलं. दोन दिसांनी आकारामनं ते पाणी वतून टाकलं, खुरप्यानं खरवडून काढलं, पुना आंबट रस घातला. पुना फेस, पुना खुरपं. दुखलं का? व्हय, दुखलं. पांढरं गेलं, आतला उघडा पत्रा भाईर आला. तिसऱ्या खेपंला फेस आला न्हाई. मग साध्या पाण्यानं धुतलं. ते पाणी आकारामनं चाखलं, मान हलवली.

भोकांतले बोळे काढले, बुडाला नारळाच्या शेंड्या. वर तांबडी माती, तिच्या निम्मा जांभळीचा पाला, एक बुट्टी जुनं शेणखत, आन् त्यात रोप परत लावलं. राख न्हाई. हिरीचं पाणी न्हाई. कौलांची वळचण गळती तिथं रांजण मांडला, त्यातलंच पाणी. पंधरा दिसांनी बादलीभर पाण्यात तांब्याभर आंबट ताक. एकदा हरणाबाईनं घाईनं नुसतंच ताक वतलं, तर कोवळी टोकं करपली आन् मुंग्या झाल्या त्या येगळ्याच. आकाराम वरडला, "चुन्यानं मारलं ते पुरं झालं न्हाई व्हय? आता आंबटानं मारतीस?" तवापासनं म्हैन्यातनं एकदा माज्या बुडाखाली वाटी जायची आन् आकाराम चाखायचा. गावात लोक हासायचे. हासू देत. गुऱ्हाळ गेल्यापासनं त्येच्या जिभंला कुणी काय इच्यारलं न्हवतं, आता सून इच्यारत हुती.

सव्वा म्हैन्यानं दहावं पान आलं. हिरवं.

त्या दिवाळीला अंबूबाई घर पांढरं करत करत माज्यापाशी आली, हातात चुन्याचा कुंचला. तुळशीला, कट्ट्याला, उंबऱ्याला, सगळ्यांना चुना, तसा मलाबी. आमच्याकडं रीतच हाय ती. आकाराम आतनं पळत आला.

"ए! ए! कुंचला खाली ठिव!"

"आवं, वरनं लावतीया, भाईरनं. सणाचं कसं काळं दिसतंय."

"पावसानं वघळून आत जातंय. दिसू दे काळं. मीबी काळाच हाय, मला लावतीस का?"

"उभं ऱ्हावा, लावती!" आन् खरंच तिनं त्येच्या पाठीवर कुंचला वढला. हरणाबाई तोंडाला पदर लावून आत गेली.

पुढल्या साली, जेठात, पैलं फूल आलं. हरणाबाईनं ते तोडलं न्हाई. तिथंच हुबी वास घेत ऱ्हायली, चुलीवरचं दूध उतू गेलं तरी. 

आता ह्या गोष्टीला चार वर्सं झाली. झाड तिच्या खांद्याला लागलंय. माजं काय झालंय ते सांगतो. चुन्याचं कवच हुतं तवर गंज मला शिवत न्हवता. कवच गेलं. वली आंबट माती चार वर्सं अंगाशी. माजा पत्रा आतनं पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतोय. झाडाला तेच मानवलंय, पानं काळीभोर हिरवी हायती. माजी तक्रार न्हाई. पर बुडाला बोट लावलं तर बोट आत जातंय.

परवा मानसिंग रजेवर आला. त्यानं मला वाकून बघितलं, पलटणीतल्या माणसावानी ठोकून बघितलं.

"आबा, हे पिंप एक पावसाळा काढत न्हाई."

आकारामचं तोंड उतरलं. "काय करता येतंय का बघ. गुऱ्हाळाचं तेवढंच ऱ्हायलंय माज्यापाशी."

मानसिंगनं साळंच्या बांधकामावरनं उरलेलं शिमिट आणलं, अर्धं घमेलं. झाड आलगद काढू, आतनं बोटभर शिमिट फासू, धा वर्सं हालत न्हाई, म्हणला. आकाराम खूश झाला. कालवायला पाणीबी आणलं.

हरणाबाई भाकरी थापत हुती, ती तशीच पिठाच्या हातानं भाईर आली.

"मामंजी, शिमिटाचं पाणी चाखलंय का कवा?"

आकारामनं घमेल्यात वाईच पाणी वतून बोट घातलं. जिभंला लावलं. डोळा मिटला. लय वेळ मिटून ठिवला त्यानं. मग थुकला न्हाई, गिळलं. घमेलं उचललं आन् उकिरड्यावर वतून आला.

"आबा, आवं, मग पिंपाचं काय?" मानसिंग म्हणला.

आकाराम माज्या काठावर हात ठिवून बसला. तसाच आज सकाळीबी बसलाय. हरणाबाईनं नवी कुंडी आणलीया, मातीची, भाजलेली, तोंडाला रुंद. आठ दीस पाण्यात भिजवून ठिवलीया. तांबडी माती आलीया. सगळं तयार हाय. अडलंय ते आकारामच्या हातावर.

म्हणून मी बोलतोय. बाकी कुणाला न्हाई, आकारामला.

ह्यो पाऊस यायच्या आत मला फोड. झाड उपटायला जाऊ नगंस, मुळ्या माज्या गंजात शिरल्यात, आन् मला उचललंस तर बूड खाली ऱ्हाईल, माती फाटंल, आन् मग हरणाबाईपाशी काय न्हाई. मला आडवंबी करू नगंस. हुबाच ऱ्हावू दे. आदल्या दिशी पाणी घाल, माती धरून ऱ्हाईल. दुसऱ्याला लावू नगंस, पोराला न्हाई, लोहाराला न्हाई. तू कर. वरल्या काठापासनं सुरू कर, बाजूनं खाली ये, पत्रा दोन्ही हातांनी मागं वढ. काय जोर लागायचा न्हाई. मग गड्डा सुनंच्या हातात दे आन् बाजूला हो.